लेकीच्या नावाचं ताट

ओगुशी बेटावर ज्या घरचं माणूस दर्यावर किंवा परगावी असेल, त्या घरची बाई रोज सकाळी देवळाच्या ओट्यावर त्याच्या नावानं ताट मांडते. हात जोडून झाले की भाताच्या वाडग्याचं झाकण उचलून बघायचं. आत थेंब साचलेले असले, की माणूस सुखरूप आहे. कोरडं झाकण बघितलेली बाई त्या दिवशी कुणाशी बोलत नाही, आणि तिलाही कुणी काही विचारत नाही.

इसोएचा नवरा गेनजिरो मासेमारीला गेला आणि परतलाच नाही, तेव्हा त्यांची लेक चिनात्सु शाळेत होती. आता ती ओसाकात नोकरी करून भलतीच शहाणी झाली होती, आणि आईला कायमची न्यायला आली होती.

"आई, वाफाळता भात झाकला की थेंब येणारच. त्यात बाबा कुठून आले?"

"मग आज तू मांड. कोरडं निघालं तर मुकाट्यानं येते तुझ्याबरोबर."

चिनात्सुनं गुपचूप कालचा गार भात भरला. इसोएनं बघून काणाडोळा केला. देवळाच्या पायऱ्या चढताना हल्ली तिचा जीव मेटाकुटीला यायचा. पण नवऱ्याला उपाशी ठेवून जाणं जिवावर आलं होतं.

ओट्यावर वारा बोचत होता. चिनात्सुनं तिथल्या रीतीनं टाळ्या वाजवून नमस्कार केला, झाकण उचललं, आणि तिच्या मनगटावरून पाणी ओघळलं. तिनं ते ओठाला लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली, आणि लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडली.

"अगं वेडे, रडतेस काय? जेवलाय तो." इसोएला लेकीची फार माया आली.

दुपारच्या बोटीनं चिनात्सु एकटीच परत निघाली. ती दारात बूट घालत होती, तेव्हा उद्या सकाळी देवळात जाईपर्यंत धीर न धरवून इसोए आत घरातच लेकीच्या नावाचं पहिलं ताट वाढत होती. चुलीवरून नुकताच उतरवलेला भात, शेजारी तिच्या आवडीची भाजलेली मासळी. इसोएनं झाकण ठेवलं, हात जोडले, झाकण उचललं.

वाफ तोंडावर आली. झाकण कोरडं होतं.

तिनं ते बाहीनं पुसलं, पुन्हा ठेवलं.

कोरडंच.

"आई, निघू ना? बोट चुकेल माझी!"

"थांब गं बाळा. जराशी थांब."

इसोएनं बोटं पाण्यात बुडवली आणि झाकणाला आतून एक थेंब लावला. मग दुसरा. झाकण लाखेचं, गुळगुळीत. पाणी मुरायचं काही कारण नव्हतं. ती थेंब लावत राहिली, आणि झाकण एकेक थेंब पिऊन टाकत होतं.