बाबा ‘सोड’ म्हणत नाहीत

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

मी दीक्षा. रायपूरजवळ बीरगांवात आमची रोपांची नर्सरी आहे. ही गोष्ट याच मे महिन्यातली, भर दुपारची.

आई हिवाळ्यात गेली. तेव्हापासून बाबा धड जेवत नव्हते. मग एक दिवस त्यांनी गवत कापायचा जुना ट्रॅक्टर खोलला. क्लच प्लेट पार झिजली होती.

हे काम ते कायम आईसोबत करायचे. बाबा खाली झोपून क्लचचा रॉड जुळवणार, आई सीटवर बसून क्लचचं पेडल दाबणार.

“मीरे, दाब.”

“हव.”

बाबा ‘सोड’ म्हणेपर्यंत ती पाय उचलायची नाही. मध्येच उचलला तर त्यांची बोटं चिरडली असती.

त्या दुपारी नवी प्लेट बसली. लाइट गेली होती, कूलर बंद. मी शेडमध्ये पाणी घेऊन गेले.

खालून बाबा सवयीने बोलून गेले, “मीरे, दाब.”

आई नाही, हे बिचारे विसरले होते.

तेवढ्यात...

सीटची स्प्रिंग करकरली.

सीटचं रेक्झीन हळूहळू खाली दबलं...

आणि पेडल खाली गेलं. पार तळापर्यंत.

सीटवर कोणी नव्हतं.

बाबांचा पाना थांबला. मग त्यांनी रॉड जुळवला, नट कसला आणि बाहेर आले. चेहरा रडून ओला झाला होता.

पेडल तसंच खाली होतं.

मी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. जागचं हललं नाही.

“बाबा, सोड म्हना ना.”

“नाही म्हनत.”

“काहून?”

“सोड म्हनलं त थे चालली जाईन, पोरी.”

मी तिथेच बसून रडले.

आता बाबा रोज शेडमध्येच जेवतात. दोन घास जास्त खातात. ट्रॅक्टर दुरुस्त आहे, पण सुरू करत नाहीत.

काल ते आंघोळीला गेले, तेव्हा मी सीटजवळ जाऊन हळूच म्हणाले, “आई, सोड वं आता.”

पेडल थरथरलं...

पण वर आलं नाही.

आईचे गुडघे फार दुखायचे हो. किती दिवस ती अशी पाय दाबून बसणार?