मागचा डावा कोपरा

फोर-व्हीलची जुनी जीप घ्यायची असेल तर आधी वाकायला शिकावं लागतं, हे कारभारीला गयास मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. वरचा रंग, सीटवरची नवी रेक्झिन, काचेवर चिकटवलेलं देवाचं नाहीतर मक्केचं चित्र, हा सगळा गिऱ्हाइकाला भुलवायचा माल. गाडीचं खरं काय ते तिच्या पोटाखाली दिसतं. त्यामुळे औरंगाबादला रोशन गेटजवळच्या गॅरेजांतून दोघं सकाळपासून हिंडत होते, आणि प्रत्येक जीपपुढं नमाजाला बसावं तसे गुडघे टेकत होते.

पहिली जीप नवरीसारखी नटलेली होती, पण तिच्या पुढच्या चाकांना फिरवणारा दांडा कुणीतरी केव्हाच काढून विकला होता. फोर-व्हीलचा लिव्हर नुसता शोभेला उभा. दुसरीची चासी मधोमध तुटून जोडलेली. तिसरी बरी होती, पण तिचा मालक किंमत सांगताना आभाळाकडं बघत होता, आणि किंमतही तिकडचीच होती.

"कारभारी, इतने में तो बैलजोडी आयेगी, जीप नहीं," गयास हात पुसत म्हणाला.

"बैलजोडी इकूनच आलोय की," कारभारी म्हणाला.

कारभारीनं सगळी उमर कन्नडच्या साखर कारखान्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर चालवण्यात घातली होती. गयासची ओळखही तिथलीच. आता साठीला टेकलेल्या माणसाला जीप कशाला, असं कन्नडला विचारणारे होते. पण त्याच्या गावाची, करंजदऱ्याची वाट ज्यानं पावसाळ्यात बघितली आहे तो विचारणार नाही. एसटी फाट्यापर्यंत येते. तिथून आत सगळं काळं रान, आणि मध्ये तो खोलगट ओढा.

दोन वर्षांपूर्वी भादव्यात सून मथुरा अडली. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलं होतं. तिला दवाखान्यात न्यायला काढलेली बैलगाडी ओढ्याच्या गाळात आसापर्यंत बसली. मूल तिथंच झालं आणि तिथंच गेलं. रडलंसुद्धा नाही. कारभारी तेव्हा बैलांच्या शेपट्या पिरगाळत पाण्यात उभा होता, आणि त्याला त्या दिवसापासून त्या ओढ्याचा खळखळाट ऐकवत नसे. मथुरा त्यानंतर घरात असून नसल्यासारखी झाली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि हिशेब पुन्हा भादव्यातच येत होता. मुलगा बन्सी वाळूजच्या कंपनीत. त्याची सुट्टी आठवड्यातून एकदा. बाकी सगळं कारभारीच्या गळ्यात.

"पाचोड में एक है," गयास शेवटी नाइलाजानं बोलला. "कमरोद्दीन की. असली फोर-व्हील. लेकिन..."

"लेकिन काय?"

"कुछ नहीं. देख लो."

कमरोद्दीनच्या अंगणात लिंबाखाली ती जीप उभी होती. हिरवट रंग, वर ताडपत्री, मागं समोरासमोर दोन बाकं. मागच्या डाव्या कोपऱ्यात ती खाली दबलेली होती, तिथं कुणी अंगानं भरलेला माणूस बसल्यासारखी. गयास खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा म्हणाला, स्प्रिंगचे पाटे सगळे शाबूत आहेत. जागाच उतरती असेल म्हणून जीप फिरवून उलट्या तोंडानं उभी केली. तरी तोच कोपरा खाली.

"ही गाडी फसत नाय," कमरोद्दीन म्हणाला. "गोदाकाठचा गाळ म्हना, काळं रान म्हना. कुटंच नाय."

"मग इकता कशाला?"

कमरोद्दीननं दाराकडं पाहिलं. पडद्याआड त्याची बायको उभी होती, ती आत निघून गेली. "थकलो आता," तो म्हणाला. दिसायला तो कारभारीपेक्षा धडधाकट होता.

किंमत कारभारीच्या खिशाला बरोबर बसत होती, आणि नेमकी हीच गोष्ट त्याला खटकत होती. इतक्या वर्षांत त्याच्या खिशाला बसेल अशी चांगली वस्तू कधी कुणी विकली नव्हती. पण समोर दुसरी गाडी नव्हती आणि मथुरेचे दिवस थांबणार नव्हते. त्यानं हात पुढं केला.

किल्ली देताना कमरोद्दीननं ती क्षणभर सोडली नाही. "येकच हाय, भाऊ. गाडी थांबली की 'उतरा' म्हनायचं नाय. ज्याला उतरायचं तो आपला उतरतो."

"आन् म्हनलं तर?"

"म्या कदी म्हनलो नाय. मला माझ्या आधीच्यानं सांगितलं, म्या तुमाला सांगितलं."

जीपवाल्याचा सगळा जन्म 'बसा' आणि 'उतरा' ओरडण्यात जातो. कारभारीला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

घरी त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मग पदराला हात पुसत ती मागं डोकावली.

"संगं कोन आलंय?"

"कुनी नाय."

"मग आशी का उभी हाय ही?"

गयास मुद्दाम येऊन नवे पाटे बसवून गेला. दोन दिवस कारभारीनं गाडीकडं बघायचंच टाळलं. तिसऱ्या दिवशी बघितलं तर तोच कोपरा, तेवढाच खाली. गयासला त्यानं ते कळवलं नाही. कळवून तो काय करणार होता?

डिझेलपुरते पैसे सुटावेत म्हणून बाजाराच्या दिवशी तो कन्नडला माणसं नेऊ लागला. गाडी ठेचून भरायची, माणसं मागच्या फाळक्याला लोंबकळायची, पण मागचा डावा कोपरा मोकळा राहायचा. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. एकदा वच्छलाबाईनं मिरच्यांची टोपली तिथं ठेवली. गाडी जरा पुढं जाते न जाते तोच तिनं ती उचलून मांडीवर घेतली आणि गुडघे एका अंगाला वळवले, शेजारच्याला जागा करून द्यावी तसे. "ऱ्हाऊ द्या, मांडीवरच बरी," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते कारभारीनं विचारलं नाही.

कन्नड आलं की तो नुसता ब्रेक दाबायचा आणि समोर बघत बसायचा.

"का हो कारभारी, गाडीतच मुक्काम करावा का?" माणसं चेष्टा करायची. तो हसायचा. तोंड मिटून हसायचा.

भादव्यात आठ दिवस झड लागली. एका दुपारी मथुरेला कळा सुरू झाल्या. उजव्या बाकावर वाकळ अंथरून तिला निजवलं, आणि जीप ओढ्याशी आली. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. दगडाबाई काठी घेऊन उतरली आणि मांडीएवढ्या पाण्यात वाट चाचपत पुढं चालू लागली. मागं मथुरा एकटीच होती.

कारभारीनं फोर-व्हील टाकली. पुढची चाकं गाळात धरत, सुटत, धरत गेली. बरोबर मध्यावर मागची चाकं नुसतीच फिरू लागली. हीच जागा. बैल रुतले होते तीच. गाडी हळूहळू एका अंगाला सरकू लागली. कारभारीचे हात स्टिअरिंगवर होते, आणि त्या हातांनी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला रडू फुटलं.

मग मागचा डावा कोपरा आणखी खाली दबला.

चाकानं तळ धरला. जीप गुरगुरत काठावर चढली.

काठावर दगडाबाई ओल्या लुगड्यानं धावत येत होती. ती गाडीपर्यंत पोचायच्या आधीच मागून मथुरेचा क्षीण आवाज आला, "आत्याबाई, तुमचा हात लई गार हाय. पर सोडू नका."

कारभारीनं मागं वळून बघितलं नाही. त्याची छातीच झाली नाही.

दवाखान्याच्या फाटकात त्यानं ब्रेक दाबला तेव्हा मथुरा ओरडत होती, आतून आया आणि नर्स धावत येत होत्या, दगडाबाईला फाळका उघडता येत नव्हता. कारभारी उडी मारून मागं गेला, फाळका खाली आपटला आणि जीव तोडून ओरडला,

"उतरा, उतरा! लवकर उतरा!"

मथुरेला उचलून नेलं. दगडाबाई मागोमाग गेली. गाडी हलकी होऊन जरा वर आली, कुठलीही गाडी येते तशी.

मग थोड्या वेळानं ती पुन्हा वर आली.

पाटे करकरले. जीप चारी चाकांवर सपाट उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

दवाखान्याचं झुलतं दार दगडाबाईच्या मागं हलून थांबलं होतं. ते परत एकदा हललं.

मुलगा झाला. मोठ्यानं रडला. नर्सनं काट्यावर घालून वजन ठीक आहे म्हणून सांगितलं. दगडाबाईनं पेढे वाटायला लावले, बन्सी कंपनीतून धावत आला, आणि मथुरा हसली. दोन वर्षांनी हसली. कारभारीनं ते हसू बघितलं आणि फाटकातल्या त्या सपाट जीपचा विचार बाजूला सारला. परत येताना जीप ओढ्यात फसली. गावातल्या माणसांनी खांदा लावून बाहेर काढली.

दगडाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधली. सकाळी झोळी जमिनीला टेकायला आली होती. "लुगडं जुनं झालंय," म्हणत तिनं गाठी वर घेतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बन्सीनं नायलॉनचा दोर आणि लोखंडी कडी आणली. तरी तेच. झोळी डाव्या अंगाला जास्त खाली यायची.

मथुरेला कशाचंच काही नव्हतं. ती अंगानं भरली होती, ओव्या गुणगुणत होती. "येकलं पडलं तरी रडत नाय," ती कौतुकानं सांगायची. "त्याचं आपलं खेळत बसतंय." कारभारी मान हलवायचा. तिला काय सांगायचं, आणि सांगून तिचं ते हसू कुठं ठेवायचं?

एका दुपारी दगडाबाई रानात गेली होती. मथुरा चुलीपुढं पाठमोरी भाकरी थापत होती. कारभारी झोळीला झोके देत होता. बाळ कुरकुरलं, म्हणून त्यानं दोरी सोडली आणि झोळीत हात घालून त्याला उचललं. फुलासारखं हलकं होतं.

झोळी वर आली नाही.

लुगड्याची वीण ताणलेली तशीच होती. डावीकडं फुगवटा तसाच. कारभारीच्या ओठांवर एकच शब्द आला, आणि त्यानं तो गिळला. तो म्हटला, तर झोळीतल्यानं आता उतरून कुठं जायचं? उतरायला समोर हे एवढंच घर होतं. घरात मथुरा होती, आणि छातीशी हा कोवळा जीव.

तो बाळाला घट्ट धरून दोन पावलं मागं सरला. भिंत लागली.

बाळाचा हुंकार ऐकून मथुरा पाठमोरीच म्हणाली, "घेतलं व्हय त्याला? मग रिकामी झोळी हालवू नका, मामंजी. चांगलं नसतं."

आढ्याला कडी संथपणे करकर वाजत होती. कारभारीच्या दोन्ही हातांत बाळ होतं.