बारक्याच्या गाण्याची जागा

मावशीच्या धाकटीचं लग्न ठरलं आणि मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलाकडच्यांचा नकार आला त्याच दिवशी माझ्या भावांच्या बँडची पाचवी रेकॉर्ड आमच्या कारखान्यात आली, म्हणून साल डोक्यात पक्कं बसलं आहे.

मी रेकॉर्डच्या कारखान्यात ऐकणारी होते. कामच ते. प्रेसमधून तबकड्या निघायच्या, गठ्ठ्यातली एखादी माझ्या खोलीत यायची आणि मी हेडफोन लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. गाणं कसं आहे हे मला कुणी विचारत नसे. कुठे टिकटिकतंय, कुठे खरखरतंय, सुई कुठे उडी मारतेय, एवढंच सांगायचं. दोष असला तर तबकडी वितळायला परत, नसला तर पास. लिहा-वाचायला मी फार उशिरा शिकले. तेव्हा लेबलवरची अक्षरं मला लागत नसत, पण त्यावाचून अडत नव्हतं. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की गाणी दिसतात. दणक्याच्या जागा करड्या, हळू जागा काळ्या, आणि दोन गाण्यांच्या मध्ये एक चकचकीत रेघ. तिथे काही नसतं.

मला दोन भाऊ, दोघेही माझ्याहून लहान. थोरला बँडचा गायक. त्याच्या आवाजामुळे लोक त्याला तोफ म्हणत. धाकट्याला घरात सगळे बारक्या म्हणायचे. अंगाने तो थोरल्याच्या दीडपट होता. तो बेस गिटार वाजवायचा आणि बरी वाजवायचा. फक्त त्याने गाऊ नये. पण बँडच्या तालमी आईच्या घराच्या तळघरात चालत, आणि आईने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "तळघर हवंय ना? मग दर रेकॉर्डवर एक गाणं बारक्याचं."

बँडमधले त्या गाण्याला 'भाडं' म्हणत. "या खेपेला भाडं कुठल्या बाजूला टाकायचं?" असं बारक्यासमोरच विचारत, आणि बारक्याही हसे.

त्याची गाणी वाईट होती असंही नाही. वाईट गाण्यात निदान काही दम असतो. ही पडकी होती. प्रत्येक ओळीवर तो किंचित उशिरा यायचा, आणि वरच्या सुरावर चढता चढता मध्येच उतरायचा, जिना चढताना काही विसरलं म्हणून माणूस मागे फिरतो तसा. गाण्याआधी नाकाने श्वास घ्यायचा, त्याची शीळ वाजायची. लहानपणी आम्ही एका खोलीत झोपायचो, ती शीळ मी कुठेही ओळखेन. दोन उत्तम गाण्यांच्या मध्ये हे असं काही आलं की लोक सुई उचलून पुढे टाकत. तक्रार होऊन परत आलेल्या तबकड्यांवर नेमक्या त्या जागी ओरखडे असायचे.

पाचव्या रेकॉर्डसाठी बारक्याने फाटकापाशी मालकाची वाट बघत मरणाऱ्या कुत्र्याचं गाणं केलं. ते पहिल्यांदा ऐकून ड्रमवाला म्हणाला, "सुटलं बिचारं."

बाकीची आठ गाणी मात्र अशी होती की ऐकताना माझा हात कामावरून सुटला. तसं आधी कधी झालं नव्हतं.

खाच पाडायच्या खोलीत थोरला, खाचमास्तर आणि मी असे तिघंच होतो. खाचमास्तर म्हणजे टेपवरचं गाणं पहिल्या तबकडीत कोरणारा माणूस. सगळा कारखाना त्याला याच नावाने हाक मारायचा.

"कुत्रं काढ," थोरला म्हणाला.

"आईंना काय सांगणार?"

"आईसाठी एक मऊ तबकडी काप. तिच्यात सगळं घे, कुत्र्यासकट. ती घरी राहील. बाजारात जाईल ती वेगळी."

मऊ तबकडी म्हणजे साच्यातून न काढता थेट लाखेवर कोरलेली. आवाज सुंदर येतो, पण दर वेळी सुई तिला थोडी थोडी खाते. रोज लावली तर काही महिन्यांत नुसती खरखर उरते.

"बारक्या रोज लावेल," मी म्हटलं.

"मग लवकर झिजेल. देवच पावला म्हण की!"

मऊ तबकडी कापून झाल्यावर थोरल्याने ब्लेडने टेपमधला तेवढा तुकडा कापला, बोटांवर गुंडाळला आणि खाचमास्तरच्या उरलेल्या चहात टाकला.

"बघ ताई," तो म्हणाला, "कुत्रं बुडालं."

खाचमास्तर हसला. मीही हसले. रेकॉर्ड त्यामुळे चांगली झाली, हे मी आजही म्हणेन.

रेकॉर्ड धडाक्याने खपली. बारक्या घरी मऊ तबकडी लावायचा, येईल त्याला ऐकवायचा. थोरला त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि मागून मला डोळा मारायचा. महिनाभर असं चाललं. मग एक दिवस बारक्या बाजारातल्या रेकॉर्डच्या दुकानात गेला आणि तिथल्या मुलीला त्याने विचारलं, "कुत्र्याचं गाणं कसं वाटलं?"

"कुठलं कुत्रं?" ती म्हणाली, आणि त्याच्या हातात एक तबकडी ठेवली. "यात कुत्रंबित्रं काही नाही हो."

हे मला त्या मुलीनेच नंतर सांगितलं. बारक्या घरी आला. जेवायला बसल्यावर थोरल्याला म्हणाला, "दादा, रेकॉर्ड फक्कड झालीय."

"तुझंही गाणं जमलंय हो," थोरला म्हणाला. ड्रमवाला जेवायला होता, त्याला ठसका लागला.

बारक्याने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "माझी जागा ठेवलीस, बरं केलंस," तो थोरल्याला म्हणाला.

त्याच आठवड्यात प्रेसवर नवा साचा चढला. साचे झिजतात, ते बदलावेच लागतात, सगळे एकाच मूळ तबकडीवरून काढलेले. नव्या साच्यातली पहिली तबकडी मी दिव्याखाली धरली. दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मधली चकचकीत रेघ जाड दिसली.

मी खाचमास्तरकडे गेले. त्याने भिंगातून पाहिलं, जुनी तबकडी शेजारी ठेवून पाहिलं.

"डोळे तपासून घ्या बाई," तो म्हणाला, पण भिंग काही खाली ठेवलं नाही.

पुढच्या साच्यात ती रेघ राहिली नव्हती, पट्टा झाला होता. दोन्ही बाजूंची गाणी दाटीवाटीने सरकल्यासारखी अरुंद झाली होती. मी ती ऐकली. तिसरं गाणं संपलं आणि शांतता आली. हेडफोनमध्ये स्वच्छ, गुळगुळीत शांतता, एवढी लांब की मी सुईकडे पाहिलं. सुई चालत होती. मग अगदी जवळ, कानाच्या पाळीशी, कुणीतरी नाकाने श्वास आत घेतला. बारीक शीळ वाजली. आणि चौथं गाणं सुरू झालं.

टिकटिक नव्हती, खरखर नव्हती. मी तबकडी पास केली.

त्या शनिवारी बँडचा कार्यक्रम होता. हॉल तुडुंब भरला होता. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं झालं आणि थोरला थांबला. तोंड अर्धं उघडं, हात माइकवर, डोळे समोर. पापणीसुद्धा हलत नव्हती. गिटारवाला ड्रमवाल्याकडे बघायला लागला. तेवढ्यात बारक्याने खाली मान घालून संथपणे बेस वाजवायला घेतली, एकट्याने. लोकांना वाटलं हे ठरवूनच केलंय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ती चाल माहीत होती. कुत्रं फाटकापाशी बसलं होतं.

चाल संपली तसा थोरला चौथं गाणं गायला लागला. नंतर आत गेल्यावर मी त्याला विचारलं, "मध्ये काय झालं तुला?"

"कुठे काय? ताई, तू त्या हेडफोनने बहिरी झालीयस." त्याचे ओठ निळे पडले होते.

मग ते घरीही होऊ लागलं. बोलता बोलता, दाढी करता करता थांबायचा. त्या वेळात तो श्वास घेत नसे. आईने नाकाखाली आरसा धरून पाहिलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. "हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम," म्हणाले. "श्वास घ्यायचा विसरतात, असं दिसतं." छत्री विसरतात असं सांगावं तसं सांगितलं.

कारखान्यात दर नव्या साच्याबरोबर पट्टा रुंदावत होता. घरी थोरल्याचं थांबणं लांबत होतं. मी दोन्ही रोज पाहत होते, आणि खाचमास्तर सोडून कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. खाचमास्तर आता माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

एका रविवारी दुपारी थोरला घास हातात धरून थांबला. बराच वेळ गेला. तोंड काळंनिळं झालं. आई त्याचे खांदे गदागदा हलवत होती. कोपऱ्यात मऊ तबकडी तशीच चालू राहिली होती, आणि ती कुत्र्याच्या गाण्यापाशी आली. बारक्याची शीळ वाजली. थोरल्याची छाती हलली.

गाणं चालू होतं तोवर तो श्वास घेत राहिला. गाणं संपलं, त्याने घास तोंडात घातला.

"काय रडगाणं लावलंय," तो म्हणाला. "बंद करा ते."

तेव्हापासून आई तबकडीपाशीच बसायची. थोरला थांबला की ती सुई ठेवायची. झिजेल म्हणून बाकी कुणी तिला हात लावायचा नाही. तरी ती झिजत होतीच. आधी झांजा गेल्या, मग शब्द गेले. शेवटी खरखरीच्या आत कुठेतरी दूर कुणी गातंय असं वाटायचं, आणि थोरल्याचा श्वासही तसाच येऊ लागला, तुटक, खरखरता.

मी बारक्याला कारखान्यात नेलं. तो खाचमास्तरच्या माइकपुढे उभा राहून पूर्ण गाणं गायला. सुईने खाच पाडली, कोरलेल्या लाखेचा काळा धागा वर येताना मी पाहिला. तबकडी दिव्याखाली धरली तर ती आरशासारखी गुळगुळीत होती. पुन्हा कापली, पुन्हा तेच. खाचमास्तरने त्या दिवशी रजा टाकली आणि नंतर दुसरीकडे नोकरी धरली.

आता उरला फक्त बारक्या.

"गा रे बाबा त्याच्यासाठी," आई म्हणाली. "तुझा सख्खा भाऊ आहे."

"गाईन की," बारक्या म्हणाला. "दादाने फक्त एकदा म्हणावं, गाणं चांगलं आहे."

थोरला पलंगावर उशीला टेकून बसला होता. खूप वाळला होता, पण जीभ काही वाळली नव्हती.

"मेलो तरी म्हणणार नाही," तो म्हणाला.

"अरे, तोंडदेखलं म्हण!" मी म्हटलं.

"ताई, तूच म्हण की. तू ऐकणारी आहेस."

बारक्या माझ्याकडे बघायला लागला. आईही. मला सहज म्हणता आलं असतं. पण आयुष्यभर खराब माल मी कधी पास केला नव्हता. मी खिडकीचा पडदा सारखा केला.

"बरं," बारक्या म्हणाला.

तरीही तो गायचा. पलंगाशी खुर्ची ओढून बसायचा, थोरला थांबला की पायाने ताल धरायचा, शीळ वाजायची, आणि कुत्रं फाटकापाशी यायचं. एकेका खेपेला गाणं पुन्हा पुन्हा गावं लागायचं, थांबणं इतकं लांबलं होतं. शुद्धीवर आला की थोरला म्हणायचा, "वरचा सूर आजही पडला." बारक्या मान हलवायचा. "पडला खरा."

पुढच्या वर्षी मावशीच्या धाकटीचं लग्न पुन्हा ठरलं, आणि या खेपेला मोडलं नाही. मावशी म्हणाली, सगळ्यांनी यायलाच हवं. थोरल्याला उठवत नव्हतं.

"तुम्ही जा," बारक्या म्हणाला. "मी आहे ना त्याच्यापाशी."

आई शालू नेसून दारात घुटमळली. "गाशील ना रे?"

"म्हणजे काय?"

आम्ही उन्हं उतरायच्या आत परतलो. बारक्या फाटकापाशी बसला होता.

आत पंखा चालू होता. थोरला उशीला टेकलेला होता, तोंड अर्धं उघडं, डोळे समोर. आईने आरसा शोधला. आरशावर काही आलं नाही.

मी बाहेर आले.

"गायलास का?"

"विचारलं ना त्याला," बारक्या म्हणाला. "दादा, गाऊ का? दोनदा विचारलं. तो काहीच बोलला नाही."

"त्याला बोलता येतं का तेव्हा?"

"मग जबरदस्ती कशी करायची, ताई? त्याला आवडत नव्हतं ते."

त्याने पायाने ताल धरला होता. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर पाय थांबवला.

सुतकानंतर मी कामावर गेले. नवा साचा चढलेला होता. तबकडी दिव्याखाली धरली. दुसरी बाजू कडेपासून लेबलापर्यंत सगळी चकचकीत होती, एकही खाच नाही. तिच्यात माझा चेहरा दिसत होता. मी हेडफोन लावले.

आधी शांतता होती. मग कुत्र्याचं गाणं सुरू झालं. आवाज थोरल्याचा होता. प्रत्येक ओळीवर तो किंचित उशिरा येत होता, आणि वरच्या सुरावर चढता चढता मध्येच उतरत होता.

मी शेवटपर्यंत ऐकलं. टिकटिक नव्हती, खरखर नव्हती. मी तबकडी पास केली.

माझा थोरला भाऊ मावशीच्या धाकटीच्या लग्नाच्या दिवशी, दुपारी, मंडपात आमची जेवणं चालू असताना गेला.