चारशे टक्के

हसायचं असेल तर हसा. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि यात मी मीठमसाला लावलेला नाही.

गेल्या महिन्यातला रविवार. भर दुपार, चारचा सुमार. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर.

माझा मावसभाऊ व्हिडिओ एडिटर. आईच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी फिल्म करत होता. एका क्लिपमध्ये मावशी स्वयंपाकघरातून खुर्चीपर्यंत चालत येते. गुडघे दुखतात, त्यामुळे चांगलं एक मिनिट लागतं.

"आई, अगं गोगलगाय पुढे गेली असती!"

"तुला चालायला मीच शिकवलं रे, शहाण्या," मावशी आतून म्हणाली.

त्याने क्लिपचा वेग चारशे टक्के केला. एका मिनिटाचे पंधरा सेकंद झाले. वर घाईघाईत ती मूळ फाईलवरच सेव्ह केली. दुसरी प्रत नव्हती. "मूळ फुटेजला हात लावू नका," असं दहा जणांना बजावणारा हाच गडी. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

तेवढ्यात आतून आवाज आला...

टप् टप् टप् टप्.

मावशी दारात होती. बघता बघता खुर्चीत. छाती भात्यासारखी हलत होती.

"मी पळत नाहीये रे... पायच पळतायत!"

त्याने मनगट धरलं. नाडी मोजताच येईना.

तो घाबरला. धावत जाऊन क्लिपचा वेग पंचवीस टक्क्यांवर आणला.

इथेच चुकलं.

वेग वाढवून सेव्ह केलं की मधली चित्रं गळतात. मग कितीही हळू करा, ती परत येत नाहीत. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्या क्षणी दुसरं काय करणार?

पावलं थांबली.

मावशी उठली. खुर्चीजवळ दिसली...

मग खोली रिकामी.

मग ती दारात.

"आई! कुठे गेली होतीस?"

"मी कुठे जाणार? तूच मधेमधे नाहीसा होतोस. आणि तेव्हा फार अंधार असतो रे."

गेलेली फाईल परत मिळवायचे सगळे उपाय त्याने केले. हाती काहीच लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. त्यांच्यासमोर ती एकदाच नाहीशी झाली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

सुरुवातीला ती पापणी लवण्याइतकीच जायची. मग श्वासभर. मग मिनिटभर.

काल मी भेटायला गेलो. तो तिचा हात घट्ट धरून बसला होता. रडत होता.

"आई, माझंच चुकलं गं. सांग, मी काय करू?"

मावशीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं...

तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

आता सकाळचे नऊ वाजलेत. मी त्याच खोलीत बसून हे लिहितोय.

तो अजून हात पुढे करून बसलाय.