कोणाकडचे काका?

"प्रभंजन, तो बघ! गुलाबी फेटेवाला पुन्हा आहेराच्या टेबलाशी!" प्रियांका कुजबुजली.

मे महिन्याची सुट्टी, केशवापुरातलं मंगल कार्यालय आणि कुसुमअक्काचं लग्न! नुकत्याच अक्षता पडल्या होत्या. अक्काची तीन चुलत भावंडं खांबामागे उभी होती. तिसरी मीनाक्षी, अळणावरहून आलेली. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तिचे कान तापत आणि शब्द घशातच राहत.

प्रभंजन सरळ फेटेवाल्यापुढे गेला. "काका, तुम्ही कोण हो?"

"आम्हा मुलाकडच्यांचा हा मान?" फेटेवाला गरजला. "चल, पळ!"

नवरीचे वडील वसंतअप्पा धावत आले. "अय्यो, प्रभंजन! पाहुण्यांना असं विचारतात? व्याही रुसले म्हणजे?"

गप्प मीनाक्षीकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. ती टेबलाजवळच बसून राहिली. थोड्या वेळानं नवऱ्याची आत्या आली.

"चांदीची भांडी आम्ही उचलतो हं."

"छे, छे! मुलाकडच्यांनी कामाला हात लावायचा नाही," फेटेवाला हसत म्हणाला. "आम्ही मुलीकडचे कशासाठी आहोत?"

मीनाक्षी चमकली. मघाशी मुलाकडचा, आता मुलीकडचा? ती धावतच खांबामागे आली आणि तिनं सगळं सांगितलं.

"मग अप्पांना सांग की!" प्रभंजन म्हणाला. "माझं ते ऐकणार नाहीत. ऐकलंयस तू, बोलायचंही तूच!"

"सगळ्यांदेखत? आणि माझी चूक निघाली तर? अक्काच्या सासरचे चिडतील!"

"अगं मीने," प्रियांका म्हणाली, "अप्पा तरी कुठे विचारतायत? मोठ्यांनाही संकोच वाटतो. तुझ्यासारखाच!"

हे मीनाक्षीला कधी सुचलंच नव्हतं!

तेवढ्यात फेटेवाला जड पिशवी घेऊन फाटकाकडे निघाला. अक्काची ताटं, समया, सगळं त्यात!

"मी एकच प्रश्न विचारते," मीनाक्षी म्हणाली. "पण दोन्हीकडचे समोर हवेत. प्रभंजन, तू अप्पांना आण. प्रियांका, तू नवऱ्याच्या वडिलांना. पळा!"

ती फाटकाबाहेर धावली. फेटेवाला ऑटोत बसला होता आणि ऑटो सुरू झालीच होती. कान तापले. तरी ती पुढच्या चाकासमोर उभी राहिली.

"अण्णा, ऑटो निल्सरी! थांबवा ऑटो!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. मागून वसंतअप्पा आणि नवऱ्याचे वडील दत्तात्रयराव धापा टाकत आले. माणसं जमली. मीनाक्षीनं मोठा श्वास घेतला.

"काका, तुम्ही... तुम्ही कोणाकडचे?"

"मी? मुलाकडचा!"

"आमचा नाही हा!" दत्तात्रयराव म्हणाले.

"म्हणजे... मुलीकडचा!"

"छे! आमच्याकडचा मुळीच नाही!" वसंतअप्पा ओरडले.

फेटेवाल्यानं दुसऱ्या बाजूनं उडी टाकली. पण ड्रायव्हरनं त्याची कॉलर पकडली आणि प्रभंजननं पिशवी! पोलिसांना फोन गेला.

"मला वाटलं, तुमचे पाहुणे. विचारणार कसं?" वसंतअप्पा पुटपुटले.

"अहो, मलाही तेच वाटलं!" दत्तात्रयराव म्हणाले आणि दोघे व्याही एकमेकांकडे बघून ओशाळून हसले. मग दत्तात्रयरावांनी मीनाक्षीची पाठ थोपटली.

"शाब्बास, पोरी! आम्हा दोघांना जमलं नाही ते तू केलंस. भीती नाही वाटली?"

"वाटली ना! अजून वाटतेय," मीनाक्षी म्हणाली. "पण ती जायची वाट बघत बसले असते, तर ऑटो निघून गेली असती!"