कारंज्याच्या पलीकडे

ओडेसा टिलरीनं चुलीवरची कॉफी उभ्याउभ्याच संपवली, कालची बिस्किटं रुमालात बांधली आणि पिशवीत सगळ्यात खाली बूट ठेवले. बूट चर्चमधून मिळालेले. बसमध्ये काळ्यांनी मागं बसायचं, गोरा आला की उठायचं, या नियमाविरुद्ध अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या माणसांनी डिसेंबरपासून बसला पाय लावला नव्हता, आणि ही माणसं चालतात हे ऐकून उत्तरेकडचे लोक चर्चच्या नावानं बुटांची खोकी पाठवत होते. तिच्या वाट्याला आलेला तपकिरी जोड जवळजवळ नवा होता. एका बुटाची नाडी तेवढी तुटकी निघाली, तिथं तिनं कोंबडी बांधायचा सुती दोरा ओवला होता. रस्त्यावर जुने झिजवायचे आणि मालकिणीच्या स्वयंपाकघरात हे घालायचे, असं तिनं ठरवलं होतं.

"ताई, खरं सांग," धाकटी बहीण व्हेस्टा पलंगावरूनच म्हणाली. "आज बसनं जाणार आहेस ना?"

"तुला कोण म्हणालं?"

"तुझे गुडघे म्हणाले. रात्रभर त्यांचंच ऐकत पडले होते मी."

ओडेसानं पिशवीचं तोंड आवळलं. साठी उलटलेली बाई, आणि काम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, क्लोव्हरडेलमध्ये. चर्चच्या गाड्या होत्या, पण गाडी चालवणाऱ्यांना पोलीस पकडू लागल्यापासून या बाजूला एकही फिरकत नव्हती. पायात त्राण उरलं नव्हतं, हे तर खरंच. पण एक म्हातारी बसमध्ये दिसली की दुपारपर्यंत गावभर होणार आणि उद्या आणखी चार जणी चढणार, हेही तिला कळत होतं. तिला स्वतःची लाज वाटत होती.

"जा हो," व्हेस्टा म्हणाली. "मी नाही कुणाला सांगणार. आजीला मात्र तूच काय ते सांग."

हा टोमणा बरोबर लागला. त्यांची आजी गुलामीत जन्मलेली. नदीच्या धक्क्यावर बोटीतून माणसं उतरवायचे, साखळीनं एकमेकांना बांधून कॉमर्स स्ट्रीटनं वर चालवत न्यायचे आणि कारंज्याच्या चौकात विकायचे. कारंजं नंतर बांधलं, बाजार आधीचा. त्या चौकात नऊ वर्षांच्या आजीला एका मालकानं नेलं आणि तिची आई तिथंच राहिली. पुढं आजी नव्वदीपर्यंत जगली, पण तो चौक तिनं कधी ओलांडला नाही. बाजाराला जायचं असो की मयताला, वळसा घालून जायची. टिलरींच्या घरात अजूनही सगळे वळसाच घालत. का, असं कुणी विचारत नसे.

बाहेर पडली तर धुकं इतकं दाट की स्वतःचा हात दिसेना. फेब्रुवारीतली पहाट. रेल्वे स्टेशनच्या छपराखालून ती कॉमर्स स्ट्रीटच्या पायथ्याला आली आणि बसच्या खांबाशी उभी राहिली. नदीवरून ओल्या चिखलाचा वास येत होता. त्यात दमट कापसाचा वासही होता, आणि याचं तिला नवल वाटलं, कारण धक्क्यावर कापूस उतरून कितीतरी वर्षं झाली होती.

मग मागून आवाज आला. ओल्या दगडावर पावलं. हळू, जड, एका लयीत. आणि त्यामध्ये काहीतरी किणकिणत होतं. दूधवाला आला असेल, बाटल्या वाजतायत, असं म्हणून तिनं पदर आवरावा तशी शाल आवरली.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. एक तरुण बाई. अंगात गोणपाटाचा झगा, गुडघ्यापर्यंत भिजलेला. पाय अनवाणी.

ओडेसाला वाटलं, कापसाच्या मळ्यांकडची दिसतेय, आमच्याबरोबर चालायला आली असेल. अशी माणसं येत होती. पोलीस ज्याला त्याला अडवून विचारत की कोण चालतं, कोण चालवतं. म्हणून चर्चमध्ये ठरलं होतं की वाटेत भेटलेल्याला नाव विचारायचं नाही.

"घाबरू नकोस पोरी, नाव नाही विचारत," ती म्हणाली. "कुठून आलीस?"

"नदीवरून."

"आणि बूट गं?"

"काढून घेतले."

"मेले," ओडेसा पुटपुटली. हे पोलिसांचंच काम असणार, अशी तिची खात्री झाली.

तेवढ्यात बस आली. आत सगळे दिवे लागलेले, आणि माणूस एकही नाही. दार उघडलं. ड्रायव्हर गोरा, तरुण, रिकामी बस हाकून कंटाळलेला.

"चढ म्हातारे," तो म्हणाला. "धुक्यात कोण बघतंय?"

नेमकं हेच ती रात्रभर स्वतःला सांगत आली होती. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते फार हलकं वाटलं. तरी गुडघ्यात कळ आली आणि तिनं पायरीवर एक पाय ठेवला.

ड्रायव्हरची नजर तिच्या खांद्यावरून मागं गेली. तिथंच खिळली.

"हे... हे सगळे कोण?"

"कोण सगळे?"

त्याच्या ओठांतलं रक्त उतरलं होतं. "नाही," तो म्हणाला. "एवढ्या जणांना... एवढ्या जणांना जागा नाही."

तिनं पाय काढून घेतला न घेतला तोच दार आपटलं. रिकाम्या बाकांवरचे दिवे धुक्यात वर वर गेले आणि विझल्यासारखे दिसेनासे झाले.

ओडेसानं वळून पाहिलं. ती एकटी अनवाणी बाई उभी होती, बाकी धुकं.

"ऐकलंस? बस मोकळी आणि म्हणे जागा नाही." ओडेसा हसली. आता चालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनं पिशवीतून तपकिरी बूट काढले. "घाल हे. अशा थंडीत अनवाणी नाही चालायचं."

त्या बाईला नाड्या बांधता येईनात. तेव्हा ओडेसा त्या दुखऱ्या गुडघ्यांवरच खाली बसली आणि तिनं गाठी मारल्या. पाय विहिरीच्या दगडाइतका गार होता. घोट्याभोवतीच्या कातडीवर एक जाड, निबर वळ होता, सबंध गोल. ओडेसाच्या मनात काहीतरी आलं, ते तिनं तिथंच दाबलं.

दोघी चढ चढू लागल्या. मागची पावलंही निघाली. वळून बघायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं वळून बघितलं नाही.

चौकाशी आल्यावर तिचे पाय सवयीनं वळशाच्या गल्लीकडे वळले. ती बाई मात्र थांबली. धुक्यात कारंज्याचं पाणी टपटपत होतं. मागची पावलं थांबली. किणकिणही थांबली, आणि तेव्हा कुठं ओडेसाच्या ध्यानात आलं की इतक्या वेळात दुधाची गाडी काही पुढं गेली नव्हती.

"इथवरच," बाई म्हणाली.

"इथवर म्हणजे?"

"आम्हाला पुढं नाही नेत... माझी पोर नेली पुढं. नऊ वर्षांची."

ओडेसा एक पाऊल मागं सरली. पळून जावं असं वाटलं, आणि पळायला जागा होती ती एकच, त्या गल्लीतली. आजीची गल्ली. साठ वर्षं ती त्याच गल्लीनं गेली होती.

मग तिला राग आला. कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं त्या बाईचं थंडगार मनगट धरलं.

"चल," ती म्हणाली. "आमच्यात आता कुणी थांबत नाही."

आणि ओडेसा टिलरी त्या चौकात शिरली. कारंज्याच्या बाजूनं, भर मधून. हातातलं मनगट आधी ओढ घेत होतं, मग सैल पडलं, मग बरोबर चालू लागलं. मागं एक पाऊल वाजलं, मग दुसरं, मग मोजता येऊ नयेत इतकी. किणकिण मात्र पुन्हा ऐकू आली नाही.

ज्या दगडांवर माणसं विकली, त्याच दगडांवरून त्यांची नातवंडं त्या वर्षी रोज ताठ मानेनं कामाला जात होती. मला या शहराचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी.

चौकाच्या पलीकडे धुकं विरळ झालं तेव्हा तिच्या मुठीत कुणाचं मनगट नव्हतं. दिवसभर मालकिणीच्या स्वयंपाकघरात ती जुन्याच बुटांत उभी राहिली. गुडघे दुखायचे ते दुखलेच, पण त्या खांबाशी ती पुन्हा उभी राहिली नाही.

पुढच्या डिसेंबरात कोर्टाचा निकाल आला. आता बसमध्ये कुणीही कुठंही बसावं. पहिल्या सकाळी दोघी बहिणी कॉमर्स स्ट्रीटच्या पायथ्याला गेल्या, अंगात रविवारचे कपडे, डोक्यावर टोप्या. ओडेसा पुढच्या दारानं चढली आणि पहिल्या बाकावर बसली. व्हेस्टा तिच्या मागच्या बाकावर. ड्रायव्हर तोच होता.

त्यानं दार लावलं नाही.

"हा कुणाची वाट बघतोय?" व्हेस्टा कुजबुजली. "रस्त्यावर तर चिटपाखरू नाही. ताई, आपल्याला उतरवायचा तर विचार नाही ना याचा?"

ड्रायव्हरनं दाराची दांडी धरून ठेवली होती. तो समोरच बघत होता.

"थांबा," तो म्हणाला. "अजून चढतायत."

पायरी करकरली. पुन्हा करकरली. बस एका अंगाला जराशी कलली, मग हळूहळू सबंध खाली दबली. ओल्या चिखलाचा वास आत आला. व्हेस्टानं नाकाला रुमाल लावला.

ओडेसा खिडकीकडे सरकली. शेजारची जागा तिनं हातानं पुसून दिली.

बस निघाली, जड, सावकाश. चौक आला आणि कारंजं मागं पडलं.

"आता विचारते गं," ओडेसा शेजारच्या रिकाम्या जागेकडे न बघता हळूच म्हणाली. "नाव काय तुझं?"

बस एकाएकी हलकी झाली आणि भरधाव सुटली.

"ताई," मागून व्हेस्टा म्हणाली. "तुझ्या पायाशी ते कुणाचे बूट?"

तपकिरी जोड होता. एका बुटाला सुती दोरा, ओडेसानं मारलेली गाठ तशीच. तळ मात्र झिजून आरपार गेले होते. ओडेसानं एक बूट उचलला आणि आत हात घातला.

आत अजून ऊब होती. आणि बस तर कुठंच थांबली नव्हती.