वेताच्या आसनांची गाडी

आच्छादन ओढलं, तर खाली गाडी नव्हतीच. दोन लाकडी बाकं, त्यांवर एक उपडी टोपली. बस्स.

"बारा वाजता संग्रहालयाची माणसं येणार," कारखान्याचा मालक म्हणाला आणि मटकन खाली बसला. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

पाठीची उशी काढून जीपमधून उतरलेल्या इन्स्पेक्टर बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. त्या उशीशिवाय त्यांचा पाय ब्रेकपर्यंत पोचत नसे, आणि त्यावरून चौकीत मागून हसणारेही होते. समोर हसायची कुणाची टाप नव्हती.

हरवलेली गाडी विजेवर चालणारी, खेळण्यासारखी छोटी. पन्नास वर्षांपूर्वी एका अभिनेत्रीने स्टुडिओच्या आवारात फिरायला मुद्दाम बनवून घेतलेली. दारं नाहीत, वेताची आसनं, वर झालरीचं छत, मोतिया रंग. ऐंशीच्या घरातल्या त्या अभिनेत्रीने ती संग्रहालयाला दिली होती. तीन वर्षं खपून उस्तादने ती चालती केली होती.

कोपऱ्यात पहारेकरी काका मान खाली घालून बसले होते. शेजारी हवालदार.

"फाटकाची किल्ली यांच्याकडेच असते," उस्ताद म्हणाला. "वीस वर्षं विश्वास ठेवला मी. आज पार तोंडघशी पडलो."

काकांनी वर पाहिलं नाही.

खुर्ची कुठे दिसेना. भिंतीलगत त्याच बनावटीच्या तीन करड्या गाड्या होत्या, गिऱ्हाइकांसाठी तयार होत असलेल्या. बाई शेवटच्या गाडीत बसल्या, पाय पेडलवर टेकवले आणि वही उघडली.

"काका, काल कोण आत आलं?"

"सुट्टी होती, बाई. उस्ताद एकटेच होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"बाहेर काय गेलं?"

"दुपारी टेम्पो आला. एक करडी गाडी घेऊन गेला. दुसरं काही नाही."

बाईंचे डोळे बारीक झाले. "करडी? की मोतिया गाडीला करडा रंग फासलेला?"

"फोन लावा ना!" उस्ताद उसळला. "दवाखान्याच्या आवारात फिरवायला घेतलीय त्यांनी."

बाईंनी फोन लावला. दवाखान्याच्या व्यवस्थापकाने गाडी बघून सांगितलं: साधी, रेक्झिनच्या सीटची, महिन्यापूर्वी येऊन पसंत केलेली तीच. बोनेटच्या पोच्यासकट.

ती वाट बंद झाली. पावणेदहा झाले होते.

रंगारी धावतपळत आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. आत पाऊल टाकताच त्याने नाक फेंदारलं. "माझ्या पिचकारीला कुणी हात लावला? काल सुट्टी, परवा दिवसभर मी घासकामच केलं. आणि प्रायमरचा, त्या करड्या अस्तराचा, वास येतोय."

"कारखान्यात वास यायचाच," उस्ताद म्हणाला.

बाईंनी रंगाऱ्याला बाजूला घेतलं. "परवा निघताना या करड्या गाड्या किती होत्या?"

"तीन."

"नक्की?"

"मीच झाकून गेलो ना."

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट केलं. अभिनेत्री गाडीजवळ उभी होती, स्टिअरिंगपेक्षा फार उंच नाही. "एवढीशी बाई गाडी चालवायची कशी?"

"पेडल चार बोटं मागे घेऊन वेल्ड केलेत. तशी दुसरी गाडी नाही."

बाई पहिल्या करड्या गाडीत बसल्या. पाय अधांतरी. दुसरीत बसल्या. तोच प्रकार. तिसऱ्या गाडीपाशी उस्ताद आडवा आला.

"यात मी मघाशी उशीशिवाय बसले होते," बाई म्हणाल्या. "पाय आपसूक पोचले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

त्यांनी वहीत तीनचा आकडा लिहिला.

"परवा तीन गाड्या होत्या. काल एक गेली. राहायला हव्यात दोन, उभ्या आहेत तीन. चोरीची गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही, म्हणून काकांना दिसली नाही. काल सुट्टीच्या दिवशी तुम्ही छत काढलंत, वेताची आसनं काढून साध्या सीट बसवल्यात आणि वरून प्रायमर मारलात. पेडल मात्र तसेच राहिले. वेल्ड तोडायला एक दिवस पुरला नाही."

"तोडवलं नाही," उस्ताद हलकेच म्हणाला. "हात उचलला होता मी. तोडवलं नाही."

"का केलंत?"

"काचेत ठेवणार होते तिला! बॅटरी काढून, चाकं बांधून." त्याचा आवाज फुटला. "तीन वर्षं झोप घेतली नाही मी. पहिल्यांदा चालली तेव्हा आवाज म्हणून नाही, नुसती सरकली. घरी नेली असती. रोज एक चक्कर मारली असती. रंग पुन्हा चढवता येतो, बाई. नुकसान काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं?" बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. "आणि हे? यांना बेड्या पडल्या असत्या, तेव्हा तुम्ही चक्कर मारत असता?"

उस्ताद काकांकडे वळला, हात जोडले. "काका, चुकलो."

काका सावकाश उठले. कमरेची किल्ली सोडवून त्यांनी करड्या बोनेटवर ठेवली.

"सकाळी हवालदार न्यायला आला, तेव्हा माझी सून दारात उभी होती," ते म्हणाले. "तिनं काही विचारलं नाही. नुसती आत गेली."

बाईंनी हवालदाराला खूण केली.

"उस्तादला मी नेते. तू काकांबरोबर घरी जा. आणि सुनेसमोर, मोठ्यानं सांग."